तुमची वही, माझ्या पाच रेघा

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली आणि एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आज बसले, कारण सकाळी मीराचा फोन येऊन गेला आणि त्यानंतर हे दुसऱ्या कोणाला सांगावंसंच वाटेना.

आधी बातमी. मी क्लासिकल गिटार शिकतेय. हो, मीच. अकराव्या वर्षी "कंटाळा येतो" म्हणून तुमच्या पेटीच्या क्लासमधून उठून गेलेली तुमची लेक आता अठ्ठावन्नाव्या वर्षी दर शनिवारी डाव्या पायाखाली छोटं स्टूल घेऊन बसते. मीरा नोकरीसाठी शिकागोला गेली तेव्हा तिची गिटार इथे शुगर लँडच्या घरात कपाटातच राहिली होती, ती काढली. हसताय ना?

पण खरं कारण गिटार नाही, तुमची वही. नागपूरचं घर आवरताना मी ती घेऊन आले होते. तुम्ही बांधलेल्या सगळ्या चाली तिच्यात सरगममध्ये लिहिलेल्या आहेत आणि शेवटची आहे मीराच्या अंगाईची. मागच्या वर्षी ती म्हणाली, "आई, आजोबांचं ते नॅप टाइमचं गाणं मला व्हायोलिनवर वाजवायचंय. कॅन यू सेंड मी द नोट्स?" तिला देवनागरी वाचता येत नाही. शाळेच्या ऑर्केस्ट्रात शिकलेलं पाच रेघांचं पाश्चात्त्य नोटेशन तेवढं येतं. मला तुमची वही वाचता येते, पण त्या पाच रेघा माझ्यासाठी मुंग्यांची रांग. मधे कोणी पडायचं?

गुणगुणून पाठवायची होतीस, असं म्हणाल. कुठून गुणगुणणार, बाबा? तुम्ही तिला दुपारी झोपवायचात तेव्हा मी ऑफिसात असायचे. तुम्ही चार वेळा इकडे आलात, दर वेळी महिनोन्‌महिने राहिलात आणि माझ्याच घरात गायलेली ती चाल मी एकदाही पुरती ऐकली नाही. याचं फार वाईट वाटतं.

माझे मास्तर रुबेन सत्तरीचे आहेत, गॅरेजमधल्या खोलीत शिकवतात. पहिले तीन महिने मी प्रत्येक स्वराखाली पेन्सिलीने सा, रे, ग लिहून घ्यायचे आणि तेच वाचून वाजवायचे. त्यांना वाटायचं, किती लवकर जमलं हिला. एके दिवशी त्यांनी चष्मा लावून पान जवळ घेतलं, खोडरबर काढला आणि सगळं पुसून टाकलं. त्या दिवशी मला एक ओळ वाजवायला वीस मिनिटं लागली. घरी येताना गाडीत रडले, खोटं कशाला सांगू? पण पुढच्या शनिवारी पुन्हा गेले. तुमच्या क्लासला मी अशी परत का आले नाही, कोण जाणे.

हळूहळू मुंग्या थांबल्या. आता मधल्या रेघेवरचा ठिपका दिसला की बोट आपोआप पडतं. मग मी तुमची अंगाई उतरवायला घेतली. दोन महिने लागले. रुबेनना वाजवून दाखवली तर म्हणाले, "व्हेरी प्रिटी." मी खूश. स्वच्छ कागदावर लिहून मीराला फोटो पाठवला.

आज सकाळी तिने फोन स्पीकरवर ठेवून वाजवली. दुसऱ्या ओळीत थांबली.

"आई, हे राँग आहे."

"अगं, आजोबांच्या वहीत तसंच आहे."

"नो, ऐक ना. खाली येताना तो नोट थोडा खाली असतो. लाइक धिस."

आणि तिने वाजवून दाखवलं. मी भिंग घेऊन वही उघडली. बाबा, खाली येतानाचा नि कोमल आहे. कोमलची खूण म्हणून तुम्ही त्याच्याखाली आडवी रेघ दिली आहे, पण ती वहीच्या छापील निळ्या रेघेवरच बसली आहे. मला ती वहीचीच वाटली. किती वेळा सांगितलं होतं, कोरी वही घ्या म्हणून! ऐकाल तर शपथ.

पण मीराला कसं कळलं? शेवटचं ऐकलं तेव्हा ती सात वर्षांची होती. तिला विचारलं तर म्हणाली, "आय जस्ट नो." मग तिने आख्खी चाल वाजवली, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, तुम्ही गायचात तशीच असणार ती. मी नुसती ऐकत बसले. वीस वर्षं उशिरा का होईना, पुरती ऐकली.

फोन ठेवल्यावर वहीची बाकीची पानं चाळली. त्या चाली मीराने ऐकलेल्या नाहीत. आई गेली, तुमचे जुने विद्यार्थी कुठे आहेत माहीत नाही. पुढच्या खोलीत तुम्ही त्या शिकवायचात तेव्हा आत गणितं सोडवत बसलेली एक मुलगी होती. क्लास सोडला होता तिने, कान कुठे बंद केले होते? चुकीची रेघ ओळखणारं आता माझ्याशिवाय कोणी नाही.

तेव्हा शब्द देते, बाबा. एकेक चाल आधी आठवून घेईन, मगच कागदावर उतरवीन. सगळ्या.

तुमची,
सुनू