बोळातलं गेट

१२ जाने., सोम.
दोन्ही घरांमधल्या बोळात लोखंडी गेट बसलं. धाकट्याने, शिवाने, हौसेनं करून घेतलंय. थोरला म्हणून नारळ मला फोडायला लावला, हळदकुंकू आमच्या हिने वाहिलं. आई शिवाकडे असते, तिलाही खुर्ची टाकून बसवलं होतं. कुत्री-डुकरं यायची बंद होतील. बरं झालं.

१५, गुरु.
गेटला कुलूप! आई रोज पूजा झाली की बोळातून इकडे येते, मला भस्म लावते, चहा घेते. बाजारातून वळसा घालून यायचं तर गुडघे साथ देत नाहीत तिला. शिवाला फोन केला. "दादा, मोजणीत बोळ माझ्या हिश्शात आलाय. आता कशापायी वाद?" मोजणी कधी झाली? डोकं फिरलं. हिच्यावरच ओरडलो.

१७, शनि.
जन्मभर इंग्रजी शिकवलं. 'गेट म्हणजे फाटक', पोरांकडून घोकून घेतलं. आज मोठी डिक्शनरी काढली. मूळ अर्थ भिंतीतली मोकळी जागा, जायची-यायची. इंग्लंडात उत्तरेकडे तर रस्त्यालाच गेट म्हणत. तो शब्द वेगळा, समुद्रापलीकडून येऊन तिथे वसलेल्यांचा. अडवणारं दार गेट या नावाला मागाहून चिकटलं. हिला सांगितलं. "मग सांगा जाऊन शिवाभावजींना," भाजी निवडत म्हणाली. खरंय. काय उपयोग.

२०, मंगळ.
सरपंचांकडे. चहा पाजला. "नारळ तर तुमीच फोडला की, सर. सगळ्या गल्लीनं बघितलं. थोरल्यानं नारळ फोडला म्हंजी राजीखुशी झाली. आता आमी काय बोलावं?" उठलो. बीडला वकील गाठायचा? सख्ख्या भावाला कोर्टात, आईच्या डोळ्यांदेखत? नाही होणार माझ्याच्यानं.

२२, गुरु.
आई गेटपाशी आली. गजातून हात घातला, कपाळापर्यंत पोचेना. मी वाकलो तर भस्म नाकाला. दोघंही हसलो. मग म्हणाली, "तू थोरला हाईस न्हवं? सांग की त्याला." काय सांगू? लाज वाटली.

२५, रवि.
आई कालही आली नाही, आजही नाही. गेटपाशी हाका मारल्या. आत टीव्ही चालू. शेवटी बाजारातून वळसा घालून गेलो. शिवा दारातच. "झोपलीय ती." भर सकाळी? तेवढ्यात आतून खोकला, मग तिचाच आवाज, "कोन आलंय रं?"
"कोनी न्हाई," शिवा म्हणाला. माझ्याकडे बघत.
मी समोर उभा. मग आलो तसा बाजारातून वळसा घालून परतलो.