आवाज बंद केलेली मालिका

आई, तू गेल्यापासून आपल्या घरात टीव्ही मोठ्याने लागतो. तू होतीस तेव्हा आप्पा पिरंगुटच्या कंपनीतून रात्रपाळी करून येत आणि दुपारी आतल्या खोलीत झोपत, म्हणून ती नवरा-बायकोची मालिका आपण आवाज पूर्ण बंद करून बघायचो. तू सुपात तांदूळ निवडतेस, मी तुझ्या गुडघ्याला टेकलेली. अक्षरं यायच्या आधी मी तुझ्याकडून चित्रं वाचायला शिकले. बायकोचा चेहरा कपाटाच्या दोन आरशांत दुभंगला की तिचा संसार मोडणार. दोन कपांतल्या एकावर साय धरली की दुसरी बाई आली. एकदा तो नवरा काचेपलीकडे फोनवर बोलत होता.

"बघ, पाठ फिरवली. फसवतुया तिला."

"कशावरनं गं?"

"त्वांड खोटं बोलतं, पाठ न्हाई बोलत. आन् हळू, आप्पा झोपल्यात."

येत्या रविवारी माझी सुपारी फुटायची आहे. मुलगा परभणीकडचा, आयटीत आहे, बावधनला राहतो. गेल्या शनिवारी मी त्याच्या फ्लॅटवर पडद्यांची मापं घ्यायला गेले होते. चहा ओतला आणि त्याचा फोन वाजला. तो गॅलरीत गेला, काचेचं दार ओढून घेतलं, माझ्याकडे पाठ केली. त्याच्या चहावर साय धरेपर्यंत मी टेप हातात धरून उभी.

"ताईचा फोन होता," आत येऊन तो म्हणाला.

"मग दार कशाला लावलं?"

"रस्त्यावरचा आवाज आत येतो की! तू काय पोलीस पाटलीण आहेस का?"

तो हसला. मी हसल्यासारखं केलं.

घरी येऊन मी ती मालिका मोबाइलवर शोधली. तो भाग पहिल्यांदा आवाजासकट पाहिला. आई, तो नवरा डॉक्टरांशी बोलत होता. बायकोचा आजार तिच्यापासून लपवत होता. फसवणूक नव्हतीच. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट दुसरीच शंका आली. ते दृश्य चालू असताना तू पडद्याकडे कमी आणि आतल्या खोलीच्या दाराकडे जास्त बघत होतीस. तुझा संशय नक्की कुणावर होता? आप्पांना विचारायला जीभ रेटत नाही.

काल पौडच्या स्टँडवर तो भेटला तेव्हा मी सरळ विचारून टाकलं, "तुमच्या आयुष्यात दुसरी कुणी आहे?" तो चिडला नाही. बाकावर बसून बराच वेळ, सावकाश, सगळं सांगत राहिला. एसटी लागली, निघून गेली. शेवटी म्हणाला, "आता पटलं का?" मी हो म्हटलं. रविवारचं पक्कं झालं.

हे तुलाच सांगते, दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही. तो बोलत होता तेव्हा मी त्याचे हात बघत होते, नजर कुठे वळते ते बघत होते. त्यातला एक शब्दही मी ऐकला नाही.