खुशबूच्या लग्नाच्या बांगड्या

जुन्नर
६ एप्रिल १९९९

प्रिय उगमभाभी,

तुम्हाला जयजिनेंद्र, हितेशला आणि सूनबाईंना सलाम, आणि नवरीबाईला माझ्याकडून एक चिमटा.

पत्र शनिवारी मिळालं. नात लग्नाला आली म्हणायची! परवापरवापर्यंत माझं गाठोडं दिसलं की खुशबू दुकानातल्या पोत्यांमागे लपायची, मी हात दाबते म्हणून. आता बघू कुठे लपते. लाखेचा चुडा राजस्थानातून येईल, तो तुमच्यातला मान. पण घरच्या बायकांना हिरव्या काचेच्या बांगड्या हितेशच्या लग्नात मीच भरल्या होत्या आणि आता खुशबूसकट सगळ्यांना मीच भरणार, त्यात विचारायचं काय? माझ्या अरहमने फिरोजाबादचा नवा माल आणलाय. दुकान आता तोच बघतो, मला फक्त लग्नं आणि खेडी ठेवलीत.

फोन केला असता, पण तुमचा फोन दुकानात. मी बोलणार आणि आळेफाट्यावरचे चार ट्रकवाले ऐकणार. म्हणून लिहायला बसले.

शेवटी तुम्ही लिहिलंय, "बायकांचं आटोपलं की आत माझ्याकडे चहाला ये. मी बाहेर बसणार नाही. शुभकार्यात माझी सावली नको." भाभी, खरं सांगते, राग आला मला तुमचा. रमणलालशेठना जाऊन दोन वर्षं होत आली. जिने या पोरीला न्हाऊमाखू घातलं, तिची सावली वाईट कशी? कुणी तुम्हाला तसं म्हणालं का? नसेलच म्हणालं. म्हणावं लागतच नाही. आतल्या खोलीची वाट आपल्याला आपोआप सापडते.

शफीभाई कसे आहेत, असंही विचारलंय. तेच लिहायचं मघापासून टाळतेय.

ते राहिले नाहीत, भाभी. मागच्या उन्हाळ्यात नाशिकला दिराकडे उपचाराला नेलं होतं. तिथेच गेले, तिथेच माती दिली, इद्दतीचे चार महिने दहा दिवसही मी तिथेच घरात बसून पाळले. परत आल्यावर गल्लीत सगळ्यांना कळलं, पण खेड्यातल्या गिऱ्हाइकांना मी काही सांगितलं नाही. भीती वाटली. विधवेच्या हातून नवरीला बांगड्या कोण भरून घेणार? तुम्हालाही कळवलं नाही, कारण तुमच्याशी बोलले असते तर रडतच बसले असते, आणि मला धंदा करायचा होता.

पहिलंच बोलावणं लोणीचं आलं. नवरीची आई, लंकाबाई, म्हणाली, "नसीमबी, तुजा हात लई गुणाचा हाय. थोरलीला भरल्यास, ती सुखात हाय. धाकटीला बी तूच भर." मी गाठोडं सोडलं. भरून झाल्यावर रिवाजाप्रमाणे पोरगी माझ्या पाया पडली, आणि सवयीने माझ्या तोंडून निघालं, "अखंड सौभाग्यवती हो." घरी येऊन खूप रडले. वाटलं, तिचं काही बरंवाईट झालं तर? म्हणजे बघा, तुम्हाला शहाणपण शिकवणारी मीसुद्धा काही वेगळी नाही.

परवा ती पोरगी मंचरच्या बाजारात दिसली. कलिंगड नीट बघून घेतलं नाही म्हणून नवऱ्याला झापत होती, आणि तो दोन्ही हातांत पिशव्या घेऊन हसत होता. इतकं बरं वाटलं मला!

आता तुम्हीच ठरवा. माझा हात खुशबूला चालणार नसेल, तर तसं कळवा. मी दुसरी चांगली बाई शोधून देईन, रागावणार नाही. पण चालणार असेल, तर तुमची सावली का चालू नये? मग बांगड्या भरायला सगळ्यांच्या आधी तुम्ही बसायचं, बाहेर, पाहुण्यांसमोर. रंग तुमच्या आवडीचा, माप मला पाठ आहे. तुम्ही दिसला नाहीत तर मी गाठोडं सोडणार नाही. मिळेल त्या एसटीने परत येईन.

तशी वेळ आणू नका. मला तुम्हाला भेटायचंय. ते गेल्यापासून कुणाच्या गळ्यात पडून रडले नाही मी.

तुमची,
आणि आता तुमच्यासारखीच,
नसीम