दृढीकरणाच्या यादीतून माझं नाव काढ

लातूर, ९ मार्च २०२५

ति. मार्थाआत्यास शलोमीचा प्रभूमध्ये सलाम. वि. वि.

माझा मोबाइल इथल्या घरमालकीण दानम्मामावशींच्या कपाटात कुलूपबंद असतो. रविवारी दहा मिनिटं फोन मिळतो, तोही त्या शेजारी बसून ऐकतात, म्हणून हे पत्र. एक काम आहे. ईस्टरला चर्चमध्ये विश्वासाची कबुली द्यायची, त्या दृढीकरणाच्या यादीतून माझं नाव काढ. यादी तुझ्याकडंच असते, पप्पांना कळायची गरज नाही.

नीटच्या क्लासची दर रविवारी सकाळी टेस्ट, त्यामुळे जूनपासून चर्चला चारदाच गेले. तरी रोज प्रार्थना करायचे. खोलीतल्या पोरींनी तर ते खातंच माझ्याकडं दिलं होतं. शिवकन्येचं फिजिक्स, आरतीची सर्दी, सगळं मीच देवाला सांगायचे. शिवकन्येला पाचशे चाळीस पडले, आरतीची सर्दी गेली आणि मला दोनशे बारा. त्या दिवसापासून मी देवाशी बोलणं बंद केलंय. आता आत काहीच वाटत नाही. असं असताना भर मंडळीसमोर उभं राहून विश्वास आहे म्हणायचं, हे खोटं माझ्याच्यानं होणार नाही.

पांढरा ड्रेस शिवायला टाकला असेल तर धाकट्या प्रिस्किलाला होईल. माझ्यावर रागावलीस तरी जीव लावायचं थांबवू नको.

तुझी शलोमी

लातूर, १६ मार्च

मार्थाताईस दानम्माचा शरणु शरणार्थी नमस्कार.

तुम्हीच पोरीला आणून सोडलं म्हणून तुम्हाला लिहिते. पोरगी गुणाची हाय, पण एक तक्रार हाय. आमच्यात लिंगपूजा झाल्याबिगर कुणी तोंडात पाणी घेत न्हाई. तुमचा देव तुमचा, पण देवाचं नाव घेतल्याबिगर माझ्या घरात घास मोडायचा न्हाई. पयले ही डोळे मिटून बसायची. मधी पंधरा दिस ताट आलं की सरळ भाकरीवर हात. मी ताटच उचललं. म्हनलं, आधी तुझ्या येशूबाबाला सांग, मग जेव. आता करून राहिली, पण मला भरोसा न्हाई. तुमची प्रार्थना किती मिनटांची असती ते कळवा, म्हंजे मी घड्याळ लावते.

तुमच्या उपासाचे दिस हायत म्हनून साबुदाणा केला, तर म्हणती आमच्यात नुसतं मटण सोडतात. आमच्यात तर जन्मभर सोडल्यालं हाय.

फारशी ओळख न्हाई, तरी माया असू द्या.

दानम्मा

ता. क. मी शिवकन्या, मावशींनी सांगितलं ते लिहून घेतलं. शलोमी डोळे मिटते, पण ओठांवर हायड्रोजन, हेलियम, लिथियम चालू असतं. कॅल्शियम झालं की आमेन. मावशींना सांगू नका.

नांदेड, २१ मार्च

चि. शलोमीस अनेक आशीर्वाद.

दानम्माताईंना मी तीन मिनिटं कळवलंय. तेव्हा कॅल्शियमच्या पुढचं पाठ करायला लाग.

सोळाव्या वर्षी मी पण देवाशी दोन महिने अबोला धरला होता. मला क्वायरमधून काढलं म्हणून. काढलं माझ्या आवाजामुळं, त्यात देवाची काय चूक? पण राग त्याच्यावर. तेव्हा एवढं कळलं, की जो नाहीच त्याच्याशी अबोला धरता येत नाही.

तुझं नाव खोडायला पेन्सिल घेतली आणि हात चालेना. मला खरं कळव. काहीच वाटत नाही, की राग येतो? काहीच वाटत नसेल तर खोडते, पप्पांचं मी बघून घेईन. तुला खोटं बोलायला मी लावणार नाही. पण हे लिहिताना मला रडू येऊन राहिलंय, ते तुला माहीत असावं.

पोटभर जेवत जा. आत्याला धरून राहा.

मार्थाआत्या

लातूर, २८ मार्च

ति. आत्यास सलाम. वि. वि.

तीन मिनिटं सांगून तू माझी पार वाट लावलीस. भाजी गार होते, झिंकपर्यंत पोचले तरी मावशींची नजर घड्याळावरच.

परवा दुपारी मावशींच्या फोनवर शिवकन्येला घरून फोन आला. उदगीरला तिच्या बाबांच्या छातीत कळ आली, आठ तारखेला मंगळवारी ऑपरेशन आहे. ती माझा हात धरून प्रार्थना कर म्हणाली. मी म्हटलं, माझं बोलणं बंद आहे. तर म्हणाली, मग निदान खोटी तरी कर. मी डोळे मिटले आणि हायड्रोजनसुद्धा आठवेना. मग देवाला मोठ्यानं सांगितलं, की मी तुझ्यावर जाम चिडलेय, दोनशे बारा विसरलेले नाही, पण ते आपण नंतर बघू, आधी हिच्या बाबांकडं बघ. आमेन राहूनच गेलं. मी रडत होते, शिवकन्या रडत होती आणि मावशी दारात उभ्या राहून आमच्यापेक्षा मोठ्यानं रडत होत्या. त्या दिवशी घड्याळ कुणी बघितलं नाही.

तर राग येतो, आत्या. लई येतो. नाव राहू दे. फक्त चर्चच्या पाळकसाहेबांना विचार, विश्वास आहे का म्हटल्यावर मी आहे म्हणाले, पण सध्या भांडण चालू आहे असं पण म्हणाले, तर चालेल का? चालणार असेल तरच येते.

उत्तराची वाट बघणारी

शलोमी

नांदेड, २ एप्रिल

चि. शलोमीस अनेक आशीर्वाद.

मंगळवारी शिवकन्येच्या बाबांसाठी आम्ही बायका चर्चमध्ये जमणार आहोत, तिला सांग. ईस्टरला दानम्माताईंना पण घेऊन ये, त्यांच्यासाठी वेगळ्या चुलीवर करते.

पाळकसाहेबांना विचारलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि बेशक चालेल म्हणाले. त्यांचं स्वतःचं देवाशी भांडण सत्तावीस वर्षं चालू आहे म्हणे, म्हणून तर एकही रविवार चुकवत नाहीत.

ड्रेस तुझ्याच मापाचा शिवलाय.

मार्थाआत्या