टकल्या उडी का मारत नाही

३ मार्च, रविवार, संध्याकाळ
ताईकडे आमचा नेहमीचा मारामारीचा गेम. दहा मॅचेस, दहा हार. मी खाली-तिरकं-पुढे दाबतोय आणि माझा टकल्या आगीचा गोळा फेकायचा सोडून नुसता खाली बसतोय! तिचा म्हातारा काठीने बडवतोय. गेमपॅडचं दिशांचं बटण गेलंय, दुसरं काही नाही. ताई म्हणाली, मघाशी मी त्याच पॅडवर खेळले, तेव्हा बरा चालत होता. ती लहानपणापासून अशीच. तीस वर्षांत तिने मला एकदाही मुद्दाम जिंकू दिलेलं नाही. मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हासुद्धा नाही.
संकल्प: नवा पॅड. म्हातारा आडवा.

५ मार्च
नवा पॅड आला. तीस प्रयत्नांत चार गोळे. डाव्या अंगठ्याला मुंग्या. नवं प्लास्टिक आहे, असतं असं.

७ मार्च, दुपार
क्लिनिकमध्ये हातातून दात तपासायचा प्रोब सुटला, पेशंटच्या छातीवर पडला. मी डावखुरा, त्यामुळे ड्रिलही त्याच हातात असतं. पण आज ड्रिल नव्हतं, नुसता प्रोब होता. क्षणभर घाबरायला झालं. म्हणजे पेशंटला. ग्लोव्हज सैल आहेत. मदतनीस बाई म्हणाल्या, डॉक्टर, सोळा वर्षं हीच साइज आहे. बाईंना फार बोलायची सवय लागलीय.

१० मार्च, रविवार
परत दहा. पॅड हा मुळात शाळकरी पोरांचा प्रकार. जाणकार माणसं आर्केड स्टिक वापरतात.

१३ मार्च
स्टिक आली. ताटाएवढी पेटी, डावीकडे गोल मुठीची दांडी, उजवीकडे बटणं. दांडी मनगटाने फिरवायची, अंगठ्याला कामच नाही. बायकोने विचारलं, अंगठ्याला काय झालंय? मी म्हटलं, काही झालंय असं कोण म्हणालं? ती अंगठ्याकडे बघत राहिली.

१५ मार्च, सकाळ
दांडी अति कडक. तीन बोटं बधिर.
शर्टाचं बटण लागेना. हल्ली काजंच लहान शिवतात मेले. टी-शर्ट घालून क्लिनिकला गेलो. रूट कॅनॉलचे दोन पेशंट पुढच्या आठवड्यावर ढकलले. कारण सांगितलं, लाइट मंद झालाय. बाईंनी मान वर करून लाइटकडे पाहिलं. लख्ख होता.

१७ मार्च, रविवार
दहा. चहाचा कप दोन्ही हातांनी धरला, थंडी होती म्हणून. ताई म्हणाली, हात दाखव बघू. नाही दाखवला. दांडीच्या कडकपणावर बोलत राहिलो. पंखा फुल होता हे नंतर लक्षात आलं.

२० मार्च
दांडीच नसलेला डबा आणला. सगळी बटणं, बोटांनी नुसतं टेकवायचं. यापेक्षा सोपं काही जगात नाही. उडीचं बटण अंगठ्याखाली. मी ते दाबलं असं मला वाटतं, टकल्याला वाटत नाही. उभाच.
हाताच्या मुंग्यांबद्दल इंटरनेटवर अजिबात शोधलं नाही. शोधलं, पण थोडंच. तीन रोग वाचले, चौथ्याचं नाव अर्धं वाचून बंद केलं. ड्रिल धरता आलं नाही तर मी करणार काय? मला दुसरं काय येतं? मग 'बटणाची स्प्रिंग कशी बदलावी' शोधलं. तेव्हा कुठे बरं वाटलं.

२४ मार्च, रविवार
जिंकलो!! लागोपाठ तीन! म्हातारा कोपऱ्यात, टकल्या धडाधड! म्हटलं नव्हतं मी, सगळा दोष कंट्रोलरचा होता म्हणून?

तोच दिवस, तासाभराने
ताईच्या जिन्यात बसून लिहितोय. उतरताना लक्षात आलं, म्हाताऱ्याने एकही मार अडवला नाही. एकदासुद्धा मागे सरला नाही. कांजिण्यांत दया न दाखवणारी बाई मला जिंकू देते? हिला माझ्या हातात काय दिसलंय? दहा वेळा हरलो असतो तर बरं झालं असतं.

२५ मार्च
ताईला फोन केला. मुद्दाम हरलीस ना, विचारलं. ती म्हणाली, उद्या दहा वाजता तयार राहा, हाताच्या डॉक्टरची वेळ घेतलीय. बायकोने शर्ट काढून ठेवलाय, बटणं मी लावून देईन म्हणाली. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

२६ मार्च
मनगटात नस दाबली गेलीय. वेळेवर आलात, डॉक्टर म्हणाले, छोटं ऑपरेशन केलं की हात बहुतेक पहिल्यासारखा होईल. 'बहुतेक' हा शब्द मला आवडला नाही. वर म्हणाले, काही दुखणार नाही. हे वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणतो. त्यात किती तथ्य असतं ते मला विचारा.
बाहेर आल्यावर ताईने विचारलं, घाबरलास का रे? मी हो म्हटलं. ती म्हणाली, मी पण. मग म्हणाली, बरा झालास की दहाच्या दहा मारीन. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.
डाव्या मनगटाला पट्टा आहे, उजव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं. ताईकडून पहिला पॅड मागून आणला. दिशांचं बटण उजव्या अंगठ्याने दाबून पाहिलं.
उत्तम चालतंय.