वल्ह्यावरची खूण

बुधवार, ता. ८ ऑगस्ट १९५६. सकाळचे सव्वासहा वाजले आहेत. तुमची बोट लाकडी घोड्यांवर पालथी घातली आहे आणि तिच्या तळाचं डांबर वाळायची वाट बघत मी शेजारी बादलीवर बसून हे लिहीत आहे. (बोट सुखरूप आहे. डांबराचं कारण पुढे येईल.)

आदरणीय क्लेमेन्समामा,

तुम्हाला आणि एमामामींना नॉर्बर्टचा नमस्कार. तुमच्या कमरेचं हाड आता कसं आहे? रात्री ठणकतं का? मिलवॉकीची हवा मानवते का? मामींच्या बहिणीच्या घरातल्या भिंतीवरच्या घड्याळाचा अजून तेवढाच त्रास होतो का? इकडे सर्व ठीक आहे. तळी जागच्या जागी आहेत. चारही झोपड्यांमध्ये पाहुणे आहेत आणि दोन नंबरच्या झोपडीच्या छतावरची खार मी अजून हाकलू शकलेलो नाही, पण ती आता दिवसाच आवाज करते. डॉक्टरांनी तुमच्या हृदयाला कोणताही धक्का बसता कामा नये असं बजावलं आहे, हे मामींनी कळवलं होतं. ते पत्र मी चार वेळा वाचलं. म्हणून हे पत्र मी धक्का बसणार नाही अशा बेतानं लिहीत आहे. मामी वाचून दाखवत असतील, तेव्हा त्यांनी सावकाश वाचावं, आणि जिथे मी कंसात सांगेन तिथे थांबावं.

चर्चच्या पायऱ्यांवरून तुम्ही पडलात ती गोष्ट इथे अजून रोज कुणी ना कुणी काढतं. मी प्रत्येकाला सांगतो की मामा अडखळले नव्हते, ते माशाची लांबी दाखवत होते. दोन्ही हात पसरलेले नसते तर कठडा नक्की धरता आला असता. यावर वँडाबाई म्हणतात, "लहान मासा धरला असता तर हाड वाचलं असतं." पण त्या हे प्रेमानं म्हणतात. तुमचा मस्की मासा त्यांच्या बारच्या भिंतीवर एकोणीस वर्षं आहे तिथेच आहे. काचेचा डोळा मी सोमवारी पुसला. त्याच्याखालची तुमची खुर्ची शुक्रवारी रिकामीच ठेवतात. मागच्या शुक्रवारी तळलेल्या माशाच्या रांगेतला एक परगावचा माणूस त्या खुर्चीत बसायला गेला, तर सगळा बार त्याच्याकडे वळून बघायला लागला आणि बिचारा आपली ताटली घेऊन बाहेर पायरीवर जाऊन जेवला. तुमचा फुकटचा पहिला ग्लास वँडाबाई रिकाम्या खुर्चीसमोर भरून ठेवतात. (तो नंतर कोण पितं हे मला ठाऊक नाही. मी पीत नाही.) त्या भिंतीवर त्याहून मोठा मासा चढत नाही तोवर खुर्ची तुमची, हा गावचा नियम सगळ्यांना मान्य आहे. हे मी आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुमच्या मनाला आधार राहील.

(मामी, त्यांना थोडं पाणी द्या.)

शनिवारी शिकागोच्या दातांच्या डॉक्टरांना मासेमारीला न्यायची पाळी होती. हॅस्केल नावाचे, दरवर्षी येणारे, तुम्ही ज्यांना 'चिमटा' म्हणता ते. तुम्ही इथे नाही हे कळल्यावर ते परत जातील असं मला वाटलं होतं, पण ते म्हणाले, "भाचा तर भाचा. रक्त एकच ना?" मी त्यांना स्पष्ट सांगितलं की रक्त एक असलं तरी मला मासे कळत नाहीत, मला बोट वल्हवता येते आणि कॉफी करता येते. ते हसले आणि त्यांनी सामान बोटीत ठेवलं. त्या सामानात केळी होती.

मामा, तुमचा नियम मी लहानपणापासून ऐकत आलो आहे: बोटीत केळं आलं की मासा गेला. पण पैसे देऊन आलेल्या पाहुण्याला 'तुमची नाश्त्याची केळी धक्क्यावर ठेवा' असं कसं सांगायचं, हे तुम्ही कधी शिकवलं नाही. मी बराच वेळ दोरीची गाठ सोडत आणि बांधत राहिलो. शेवटी म्हणालो, "डॉक्टर, मला फार भूक लागली आहे, ती केळी मी खाऊ का?" ते म्हणाले, "खा बाबा, मामानं उपाशी ठेवलेलं दिसतंय." मी धक्क्यावर उभा राहून सगळीच्या सगळी खाल्ली. पाचव्या केळ्याला डॉक्टर टोपी काढून बघायला लागले. सालं मी जमिनीत पुरली. पण बोट सुटल्यावर माझ्या डोक्यात वेगळीच शंका आली, की पोटात गेलेलं केळं बोटीत आहे असं धरायचं की नाही. या शंकेनं आणि केळ्यांनी मिळून मला तळ्यावर पोचेपर्यंत घाम फुटला. (ही शंका अजून सुटलेली नाही. तुम्हाला काय वाटतं ते कळवावं.)

तुम्ही म्हणाल, कोणतं तळं. विधवेचं तळं. पण घाबरू नका! तुमच्या गुपित जागेवर मी त्यांना नेलं नाही. तुमच्या खुणेचं पाइनचं झाड, बुडालेले ओंडके, त्यातलं काहीएक मी दाखवलं नाही. मी बोट मुद्दाम दुसऱ्या टोकाला लव्हाळ्यांत उभी केली, जिथे गेल्या दहा वर्षांत कुणाला बेडकाशिवाय काही मिळालेलं नाही. पण धुकं इतकं होतं की मला माझीच वल्ही दिसत नव्हती, आणि नांगराची गाठ (मघाशी सोडत-बांधत बसलो होतो तीच) सुटली. वाऱ्यानं बोट कुठे नेली ते आम्हाला कळलंच नाही. धुकं जरा विरलं तेव्हा तुमचं पाइन माझ्या डोक्यावर होतं.

मी लगेच निघायचं ठरवलं होतं. पण डॉक्टरांना कॉफी हवी होती. ते म्हणाले, "हे जरा धर," आणि गळाची काठी माझ्या हातात देऊन त्यांनी थर्मासचं झाकण उघडलं. मी काठी नुसती धरली होती, तुमची शपथ, फिरकीला हातसुद्धा लावला नव्हता. एवढ्यात पाण्यातला एक ओंडका हलला.

(मामी, पाणी. आणि खिडकी उघडा.)

आता गावात जे बोललं जातं आहे ते तुमच्या कानावर मिलवॉकीत जाईल, म्हणून खरं काय ते माझ्याकडूनच ऐका. गळाचा दोर ताणला गेला. बोट ओढली गेली. अर्धा-पाऊण तास मी काठी धरून होतो आणि डॉक्टर "सोडू नकोस, सोडलास तर तुझे सगळे दात काढीन" असं ओरडत होते. मग ते जे काही होतं ते बोटीशेजारी आलं. डॉक्टर म्हणाले, "पिस्तूल! तुझ्या मामाचं पिस्तूल कुठे आहे?" मोठा मासा आधी गोळी घालून मगच आत घ्यायचा, नाहीतर तो नडगी फोडतो, हे त्यांना तुम्हीच शिकवलेलं. मी पत्र्याच्या डब्यातून पिस्तूल काढलं. मी नेम धरला, डोळे मिटले (दोन्ही) आणि चाप ओढला. बोटीच्या तळाला भोक पडलं.

त्या भोकात डॉक्टरांनी आपली टोपी कोंबली. त्या गडबडीत दोर तुटला. आम्ही काठावर आलो तेव्हा पाणी आमच्या गुडघ्यांपर्यंत होतं आणि थर्मास तरंगत होता. बस, एवढंच घडलं.

संध्याकाळी बारमध्ये डॉक्टरांनी पहिल्या ग्लासाला सांगितलं की असा मासा या मुलखात आजवर कुणी पाहिलेला नाही, भिंतीवरचा त्याच्यापुढे पिल्लू. सगळ्यांनी वर बघितलं. तुमच्या माशाकडे लोकांनी त्या नजरेनं बघावं हे मला आवडलं नाही. पण वँडाबाईंनी काउंटरवर हात आपटला आणि म्हणाल्या, "इथे ठेवा, मोजते. नाहीतर गप्प बसा. तोंडानं मासे धरायला परवाना लागत नाही." सगळे इतके हसले की दुसऱ्या ग्लासाला डॉक्टरच म्हणाले, धुकं होतं, कदाचित ओंडकाही असेल. मग सगळे माझ्याकडे वळले. मी म्हणालो, असेल. तेव्हापासून गावात मला 'ओंडकेराव' म्हणतात. पोस्टातसुद्धा. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना फादर म्हणाले, "पायरी सांभाळ, ओंडकेराव."

तुमची जागा मात्र शाबूत आहे. डॉक्टरांना मी परतताना आडवाटेनं आणलं आणि ते शेजारचं बुटाचं तळं होतं असं सांगितलं. (विधवेच्या तळ्याची पाटी तुम्हीच काढून ठेवलेली आहे, त्यामुळे हे अगदी खोटं ठरत नाही.) ओंडका म्हणून हसणाऱ्यांपैकी निम्मे लोक दुसऱ्या दिवशी पहाटे बुटाच्या तळ्यावर होते. विचारलं तर म्हणाले, "ओंडके बघायला आलोय."

तेव्हा मामा, कुणी काहीही लिहिलं, सांगितलं, तरी जिवाला लावून घेऊ नका. ओंडका होता. भिंत तुमची, खुर्ची तुमची. शांत झोपा, सूप घ्या, आणि घड्याळाचा त्रास होत असेल तर मामींच्या बहिणीला न दुखवता त्यावर उशी बांधा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
नॉर्बर्ट

ता. क. बोटीला नवी फळी बसवली आहे. जुन्या फळ्यांशी तिचा रंग जुळत नाही, पण पाण्याखाली दिसणार नाही.

ता. क. दुसरा. मामी, इथून पुढचं वाचून दाखवू नका. कागद त्यांच्या हातात द्या आणि चष्मा द्या.

मामा, ओंडक्याला डोळा नसतो. मी पिस्तूल काढण्याआधी तो बोटीला लागून स्वस्थ पडला होता, थकलेला, आणि माझ्याकडे बघत होता. तुमच्या माशाच्या लांबीची जी खूण तुम्ही वल्ह्यावर चाकूनं कोरली आहे, ते वल्हं मी त्याच्याशेजारी पाण्यात धरलं. का धरलं माहीत नाही. शेपटी खुणेच्या पुढे गेली. चार बोटं पुढे. मी दोनदा बघितलं. मला तुमची खुर्ची दिसली, भरून ठेवलेला ग्लास दिसला, आणि तुम्ही काठी टेकत बारमध्ये शिरलात तर कुठे बसाल ते सुचेना. गोळी बोटीला लागली ती चुकून. पण दोर तुटला नाही. डॉक्टर खाली वाकून टोपी कोंबत होते तेव्हा मी तो चाकूनं कापला. मासा लगेच गेला नाही. जरा वेळ तिथेच राहिला आणि मग खाली गेला.

मला वाटलं होतं, एवढं केलं की संपलं. पण मला रोज ओंडकेराव म्हणतात आणि मी रोज 'असेल' म्हणतो, ते आता जमत नाही. म्हणून एक विनंती. तुम्ही परत आलात की पहिल्या शुक्रवारी, खुर्चीत बसल्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदाच म्हणा, "पोरानं मासा पाहिला." मोठा म्हणू नका. किती, ते सांगू नका. तुम्ही म्हणालात तर गाव ऐकेल, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही. नाही म्हणालात तरी माझी तक्रार नाही.

ता. क. तिसरा. फळी आणि डांबराचा दीड डॉलर मी दिला. डॉक्टरांकडून पाच येणं आहे, त्यातून ते टोपीचे दोन कापणार म्हणतात.

वल्ह्यावर तुमच्या खुणेच्या पुढे मी एक रेघ मारली आहे. कोरलेली नाही, पेन्सिलीची आहे. पुसायचा मी दोनदा प्रयत्न केला, पण हात होईना. पाकिटात खोडरबर ठेवला आहे, नवा आहे, पाच सेंटचा. येताना घेऊन या. वल्हं दाराच्या मागे उभं केलं आहे. काय करायचं ते तुम्हीच ठरवा.