शेजारच्या सीटचा ब्रेक

१४ सप्टेंबर, सोमवार

आज पुन्हा! लेकीच्या हातून वाटी निसटली आणि टेबलाखाली माझा उजवा पाय धाडकन फरशीवर आपटला. लेक म्हणाली, "आई, टेबल थांबलं बरं का!" सगळे हसले, मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

नवऱ्याच्या गाडीत पायाखालची चटई फाटलीय. माझ्या टाचेने. समोर सायकल दिसली की पाय दाबतेच. "अगं, तिथे ब्रेक नाही!" असं तो म्हणतो. मला काय माहीत नाही? पण एकोणीस वर्षं ज्या सीटवर बसून लोकांना गाडी शिकवली, तिथे होता ना!

१५ सप्टेंबर

ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांचा फोन. "घाई नाही, तोवर फळ्यावर रस्त्याच्या खुणा शिकवा." पाच महिने बाण आणि त्रिकोणच काढतेय. गाडीकडे नुसतं पाहिलं तरी पोटात गोळा येतो.

१७ सप्टेंबर, गुरुवार

थेरपिस्टकडे गेले एकदाची. नवऱ्याने वेळ घेतली होती, म्हणून. लेकीपेक्षा फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. खोलीत दोन खुर्च्या, एक घडी केलेलं पांघरूण, खिडकीत मरगळलेलं झाड. झाडाचे हे हाल, माझं काय करणार!

मी सगळं क्रमाने सांगायची तयारी करून गेले होते. तिने सुरुवातच करू दिली नाही. म्हणे, "ते सांगायला वेळ आहे, ताई. आधी झोप कशी लागते? जेवण जातं का? घरी कोणाशी बोलता?" आणि मग, "आत्ता शरीरात कुठे काय जाणवतंय?"

"डोक्यात."

"आणि डोक्याच्या खाली?"

डोक्याच्या खाली! मला हसूच आलं. मग म्हणाली, दोन्ही तळवे जमिनीला टेकवा, खोलीत डोळे फिरवा, दिसेल त्याचं नाव घ्या. अर्धं आयुष्य लोकांना पाय कुठे ठेवायचा ते शिकवलं, आता ही मला शिकवणार!

पण खोटं कशाला लिहू — झाडापाशी आले तेव्हा श्वास आपोआप खाली उतरला होता. खूप दिवसांनी.

तिने ऐकलं नाही, तर इथे लिहिते.

बावीस एप्रिल. वहीवाल्या बाईंचा चौदावा धडा. वय छपन्न, ग्रंथालयात कारकून. नवऱ्याला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून शिकत होत्या. सगळं वहीत लिहायच्या. आमच्या गाडीतले दोन्ही ब्रेक एकमेकांना जोडलेले असतात. मी माझा दाबला की शिकणाऱ्याच्या बाजूचं पेडलही आपोआप खाली जातं. नवखी माणसं किंचाळतात. या बाईंनी पहिल्याच दिवशी गाडी कडेला घेतली आणि पानावर दोन रकाने आखले — 'मी' म्हणजे त्या स्वतः आणि 'बाई' म्हणजे मी. धड्यात ब्रेक कोणी किती वेळा मारला त्याची नोंद! तेराव्या धड्याला माझ्या रकान्यात पहिल्यांदा शून्य. काय खुलल्या होत्या! मी पण मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "उद्यापासून मी पायच लावणार नाही."

दुसऱ्या दिवशी चौकात उजवीकडून टेम्पो आला. सिग्नल तोडून. मी तो पाहिला. मनात आलं — थांब, त्यांना दाबू दे. चांगला शिकवणारा थांबतो, आम्हाला हेच शिकवलेलं असतं. त्यापुढचं काही नाही. कोरं. मग काचांचा आवाज.

बाईंची मांडी मोडली आणि गळ्याजवळचं उजवं हाड. मला खरचटलंसुद्धा नाही. "नशीबवान हो!" असं किती जण म्हणाले! दोष टेम्पोवाल्याचा ठरला, मला कोणी काही विचारलंच नाही. पण मला माहीत आहे. मी शब्द दिला होता आणि मी थांबले. मी दाबला नाही.

बाईंचे दोनदा फोन आले होते पहिल्या महिन्यात. उचलले नाहीत. मग यायचे थांबले.

२४ सप्टेंबर, गुरुवार

आज तिला टेम्पोपर्यंत सांगितलं. पुढचं वाक्य दोनदा सुरू करून सोडलं, तशी तिने तिथेच थांबवलं. "एवढं पुरे. खिडकीबाहेर बघा. श्वास सोडताना जरा लांबवा." थोडं सांगायचं, परत यायचं, पुन्हा थोडं. मी पण नवख्यांना एकदम चढावर नेत नाही. समजतं मला ते.

शेवटी म्हटलंच, "मी ब्रेक मारला नाही." हे आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. वाटलं, आता ही समजूत घालेल, तुमची चूक नाही वगैरे. तिने नाही घातली. "हे एकटीने पाच महिने वागवलंत" एवढंच म्हणाली. त्यावर मी जी रडले! तिचं पांघरूण भिजवलं.

२७ सप्टेंबर

नवऱ्याला सांगितलं. त्याने उठून गाडीतली फाटकी चटई काढून आणली आणि सुई-दोरा घेऊन बसला. त्याला शिवता येत नाही.

१ ऑक्टोबर, गुरुवार

आज भिंतीला उशी लावली. मी खुर्चीत, उजवा तळवा उशीवर. "पायाला काय करायचंय ते करू द्या. पण अगदी हळू." हळू दाबणं इतकं अवघड असतं? मांडी थरथरायला लागली. मी घाबरले. ती म्हणाली, "थरथरू दे, मी इथेच आहे. नको वाटलं तर लगेच थांबू." नको नाही वाटलं. पाय पुढे पुढे गेला, पूर्ण ताठ झाला, भिंतीपर्यंत. मग अंगभर ऊब आली आणि जांभई! एवढं सगळं होऊन जांभई!

उठताना विचारलं, "पायाला एवढं दाबायचंय, म्हणजे मी त्या दिवशी दाबला असेल का?"

आशा लावून बसले होते. सरळ म्हणाली, "मला माहीत नाही, ताई. दाबला म्हणूनही पाय असं करेल, दाबायचा राहून गेला म्हणूनही करेल. शरीर साक्षीदार नाही. मी हो म्हटलं तर ते खोटं होईल."

राग आला तिचा. घरी चालत आले.

३ ऑक्टोबर

वाटी पडली. पाय हलला, आपटला नाही. लेकीने पाहिलं, पण आज चिडवलं नाही.

८ ऑक्टोबर, गुरुवार

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसले, माझ्या सीटवर. उभ्या गाडीत, नवरा मागच्या सीटवर. पाय पेडलवर ठेवून लांब श्वास सोडले. पोटात गोळा आला आणि गेला. गेला हे महत्त्वाचं! मालक काचेतून पाहत होते, उगाच कागद चाळत.

थेरपिस्टला सांगितलं तर माझ्यापेक्षा तीच जास्त खूश. मग मीच म्हटलं, "त्या दिवशी गाडीत आम्ही दोघीच होतो." ती म्हणाली, "त्या बाईंना विचारायचंय तुम्हाला? उत्तर नको तसं आलं तर?"

तर निदान माफी मागता येईल. पाच महिने तीही मागितलेली नाही.

११ ऑक्टोबर

बाईंना फोन केला. तीन वेळा ठेवून चौथ्यांदा. पलीकडून, "अहो बाई! तुम्ही?" भेटायला येऊ का, एवढंच विचारलं. म्हणाल्या, "उद्या याच. मला तुमच्याशी बोलायचंच होतं."

कशाबद्दल ते नाही बोलल्या. जेवण गेलं नाही.

१२ ऑक्टोबर, सोमवार

काठी टेकत त्यांनीच दार उघडलं. मी काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "बाई, मला माफ करा. माझा पाय अर्ध्या वाटेतच होता हो, पेडल आपोआप खाली गेलंसुद्धा. मी उशीर केला. फोन उचलला नाहीत, तेव्हा वाटलं, रागावलात." मला खरं वाटेना. त्यांनी कपाटातून वही काढली. पान हॉस्पिटलात लिहिलेलं, डाव्या हाताने, अक्षरं वेडीवाकडी.

धडा चौदा. मी — शून्य. बाई — एक.